चाकांवरचे बिऱ्हाड

आमच्या लग्नात रुखवतात आलेला फिरकीचा तांब्या ९४० ग्रॅम वजनाचा आहे, हे मला लग्नानंतर ४१ वर्षांनी, आणि तेही इंग्लंडातल्या रेडिंग गावी कळले. चिरंजीवांनी विमानाच्या बॅगा तोलायचा हातकाटा तांब्याच्या कडीत अडकवला, आकडा वाचला, वहीत लिहिला आणि आईकडे असे पाहिले, की जणू तिने माजघरातला पाटा-वरवंटाच उचलून आणला होता.

"आई, एक किलो!"

"एक कुठं? नऊशे चाळीस," ही म्हणाली. "उरलेल्या साठ ग्रॅमांत मी वेलदोडे घेते."

हकीकत अशी, की २०२४ सालच्या मे महिन्यात आम्ही उभयता चिरंजीवांकडे गेलो होतो. मेच्या अखेरीस तिकडच्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. त्या सुट्टीत नातीला आणि आम्हा दोघांना घेऊन कॅरव्हॅनने वेल्समध्ये समुद्रकाठी जायचे, असा त्याने बेत केला. सूनबाईंना रजा मिळाली नाही. "तुम्ही सगळे जाऊन या, मी घरी शांत झोपते," असे त्या म्हणाल्या. त्यातला दुसरा भाग त्यांना अधिक पसंत दिसला.

ज्यांनी कॅरव्हॅन पाहिलेली नाही त्यांना थोडे सांगायला हवे. कॅरव्हॅन म्हणजे इंजिन नसलेली, मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची खोली. बाहेरून ती आडव्या पडलेल्या पांढऱ्या फ्रीजसारखी दिसते. आत समोरासमोर दोन बाके. रात्री मधे फळ्या ओढल्या की त्यांचाच पलंग होतो. तीन शेगड्यांचा ओटा, गुडघ्याएवढा फ्रीज, एक कपाट, मुलांसाठी एकावर एक दोन बिछाने, आणि कोपऱ्यात त्या कपाटाएवढीच न्हाणी. लहानपणी गिरगावातल्या ज्या दीड खोलीत मी आठ माणसांबरोबर वाढलो, तिच्यापेक्षा ही फार लहान नव्हती. शिवाय हिच्यात 'सोय' होती. आमची सोय गॅलरीच्या टोकाला होती आणि सकाळी तिच्यासमोर रांग असे.

ही खोली चिरंजीवांनी २०२२ मध्ये कोणाची तरी वापरलेली घेतली. त्याआधी, १९९७ नंतर परवाना काढलेल्या माणसाला असे मोठे ओझे ओढायचे तर आणखी एक परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट उठली. परीक्षा रद्द झाल्याचा आनंद आमच्या घराण्यात वंशपरंपरेने आहे. त्याने लगेच खरेदी केली.

या खोलीचे शास्त्र म्हणजे सगळा वजनाचा हिशेब. रिकाम्या कॅरव्हॅनचे वजन आणि सामान भरून तिने गाठावे असे कमाल वजन, हे दोन आकडे ठरलेले असतात. आमच्या खोलीचे ते ११५० आणि १३०० किलो. मधे १५० किलोंची जागा. ऐकायला ऐसपैस वाटते; पण २२ किलोंची बॅटरी, तंबू, पाण्याची पिंपे, विजेची वायर, पांघरुणे अशी एकेक वजाबाकी होत होत आम्हा चौघांच्या कपड्यांना, भांड्यांना आणि शिधासामग्रीला उरले ६० किलो. विमानवाल्यांनी एकट्या हिला दोन बॅगांत ४६ किलो आणू दिले होते! त्यातले निम्मे मेतकूट, गोडा मसाला आणि भाजणी होती हा भाग निराळा.

बरे, वजन नुसते कमी असून भागत नाही, ते जागच्या जागी लागते. जड वस्तू खाली, चाकांच्या आसाजवळ, हलक्या वर. मागच्या टोकाला जड काही ठेवले, तर वेगात खोली डुलायला लागते आणि मग तिच्यापाठोपाठ मोटारही. पुढच्या दांडीचा मोटारीच्या गोळ्यावर पडणारा भार एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के असावा लागतो. तो मोजण्यासाठी चिरंजीवांनी घरातला माणसे तोलायचा काटा आणि एक लाकडी ठोकळा दांडीखाली ठेवला. काटा ७८ वर थांबला.

"बरोब्बर आजोबा!" नात ओरडली. त्यानंतर आठवडाभर त्या दांडीला 'आजोबा' असे नाव पडले.

निघण्याआधीच्या शनिवारी आम्ही सामानाच्या दुकानात गेलो. या छंदासाठी तिकडे स्वतंत्र दुकाने असतात आणि ती बाजारपेठेएवढी मोठी असतात. बादली घ्या, तिची घडी होते. किटली, चाळणी, टेबल, कपाट, कचऱ्याचा डबा, सगळ्यांची घडी होते. त्या दुकानात घडी न होणारा असा एक दुकानदारच तेवढा मला दिसला. चिरंजीव पिझ्झा भाजायच्या भट्टीपुढे बराच वेळ घुटमळले. मला रात्री आपोआप लागणारे कंदील आवडले. हिने मात्र तीनच वस्तू निवडल्या: सुतळीचा गुंडा, जाड पायपुसणे आणि दोन पायऱ्यांची, बाजूला धरायला दांडा असलेली शिडी.

"आई, पायरी आहे आपल्याकडे. प्लॅस्टिकची."

"एक आहे. मी पाहिली. तिच्यावरून दार माझ्या गुडघ्याच्या वर राहतं."

चिरंजीव वजन सांगू लागले. सूनबाईंनी काही न बोलता शिडी ढकलगाडीत ठेवली, पिझ्झाची भट्टी काढून परत मांडणीवर ठेवली, आणि जाता जाता कोठूनशी निळ्या औषधाची एक मोठी बाटली उचलली. बाटली कसली ते मी विचारले नाही. पुरुषमाणूस असल्या वेळी कंदिलांकडे पाहत असतो.

या रेडिंगच्या शेजारीच ट्वायफर्ड नावाचे गाव आहे. हौसेखातर कॅरव्हॅन बांधवून हिंडणारा पहिला गृहस्थ म्हणून ज्याचे नाव घेतात, तो डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स तिथलाच. मूळचा स्कॉटिश; आरमारात शल्यविशारद होता, निवृत्तीनंतर मुलांसाठी साहसाच्या गोष्टी लिही. त्याने ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची घोड्यांची कॅरव्हॅन करवून घेतली आणि १८८५ साली तीत बसून ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेला. पुढल्या वर्षी त्याने त्या १३०० मैलांच्या प्रवासाचे पुस्तकही काढले. बरोबर एक गाडीवान, एक खिदमतगार, एक भला दांडगा कुत्रा आणि एक काकाकुवा होता. खिदमतगार तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे की नाही ते पाही. गाडीचे वजन दोन टनांच्या घरात होते, पण त्याची काळजी दोन घोड्यांनी करायची होती. हे सगळे मी चिरंजीवांना सांगितले आणि काकाकुव्याच्या मानाने तांब्या काहीच नाही, असे सुचवले. तांब्या पास झाला.

निघायच्या दिवशी सकाळी चिरंजीवांनी एक नियम जाहीर केला. "कॅरव्हॅनमधलं टॉयलेट वापरायचं नाही. साइटवर उत्तम ब्लॉक आहे, शंभर पावलांवर. आतलं वापरलं की त्याची पेटी रोज कोणीतरी नेऊन ओतावी लागते. आमच्याकडे बहुतेक जण असंच करतात." नियम सुटसुटीत होता. मी मान डोलावली. मला त्यात आक्षेपार्ह काही दिसले नाही. गिरगावच्या गॅलरीपुढे शंभर पावले ती काय!

रेडिंगपासून टेन्बीपर्यंत सुमारे दोनशे मैल. कॅरव्हॅन मोटारीहून रुंद असली की दोन्ही बाजूंना लांब हातांचे जादा आरसे लावावेच लागतात. ते लावल्यावर आमची मोटार दोन्ही कान ताणून बसलेल्या सशासारखी दिसू लागली. ओढणाऱ्याला महामार्गावर ६० मैलांची मर्यादा, साध्या एकेरी रस्त्यावर ५० ची, आणि तीन पदरी महामार्गाच्या अगदी उजव्या पदरात यायची बंदी. चालत्या खोलीत माणसांनी बसायचे नसते. त्यामुळे आपले घर मागून येत आहे आणि आपण पुढे पळतो आहोत, अशी काहीशी चमत्कारिक भावना होते. सेव्हर्न नदीच्या रुंद मुखावरचा पूल आला तेव्हा बाजूचा वारा लागून 'आजोबां'नी एक हेलकावा दिला. हिने मागच्या बाकावरून रामाचे नाव घेतले. वेल्समध्ये शिरल्यावर पाट्या दोन भाषांतून दिसू लागल्या. टेन्बीच्या वेल्श नावाचा अर्थ 'माशांचा छोटा किल्ला' असा आहे, हे चिरंजीवांनी सांगताच ही म्हणाली, "म्हणजे आपलं हर्णैच की!" किल्ला, मासे आणि समुद्र, तिन्ही जमत होते. मला दापोलीकडच्या आमच्या गावाची आठवण झाली.

वाटेत दोनदा थांबलो. तिकडच्या महामार्गावरचे थांबे मोठे आणि स्वच्छ असतात. मी दोन्ही ठिकाणी चहा घेतला. ही म्हणाली, "मला नको." पौंडाचे रुपये करण्याचा हिला नाद आहे, आणि एका पौंडाचे शंभराहून अधिक होत होते, तेव्हा चार पौंडांचा चहा हिच्या घशाखाली उतरणार नाही असे मी समजलो आणि त्यावर नातीला हसवलेही. फिरकीचा तांब्या हिने मांडीवर धरला होता. नातीला, मला, चिरंजीवांना ती तासातासाला विचारून पाणी देत होती.

साइट म्हणजे समुद्राकडे उतरत गेलेले हिरवेगार माळरान. उतरत गेलेले हे वाचायला छान, पण खोली उभी करायला वाईट. कॅरव्हॅन सपाट उभी राहणे हे नुसते टापटिपीसाठी नसते. ती कलती राहिली तर गॅसवर चालणारा तिचा फ्रीज नीट थंडावत नाही. त्यासाठी एका चाकाखाली पाचर घालायची, मग दांडीकडचे छोटे चाक वरखाली करायचे आणि शेवटी चार कोपऱ्यांचे पाय जमिनीला टेकवायचे. हे कोपऱ्यांचे पाय नुसते टेकू देण्यासाठी असतात, त्यांनी खोली उचलायची नसते. मी उचलू लागलो तेव्हा चिरंजीव धावत आले. पाणसळीतला बुडबुडा मधे आणून त्याने समाधानाने हात झटकले. संध्याकाळी जेवायला बसलो आणि हिने माझे ताट पुढ्यात ठेवले. आमटी भाताला वळसा घालून थेट चटणीकडे निघाली.

"खोली पश्चिमेला कलली आहे," ही म्हणाली.

चिरंजीवांनी पाणसळ पुन्हा लावली. ती ज्या फळीवर ठेवली होती ती फळीच वाकडी होती. तेव्हापासून मी ठाम सांगतो, की पाणसळ असावी, पण पानात एक पातळ कालवणही असावे.

विजेची गंमत दुसऱ्या दिवशी कळली. साइटवर निळ्या खोबणीचा खांब असतो. त्यात नारिंगी रंगाची २५ मीटर वायर जोडायची. वायर रिळावर असेल तर ती पूर्ण उलगडून ठेवायची, गुंडाळलेली तापते. आमच्या खांबावर १० अँपिअर मिळत होते. घरातली तीन किलोवॅटची किटली एकटीच १३ ओढते, म्हणून चिरंजीवांनी मुद्दाम एक किलोवॅटची छोटी किटली आणली होती. तरीही दोन किलोवॅटचा हीटर चालू असताना मी चहाचे आधण ठेवले आणि खांबाने डोळे मिटले. नंतर आम्ही चहा गॅसवरच केला. गॅसही साधा नाही. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचेच थांबवतो, प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत निघतो. म्हणून बारमाही हिंडणारे प्रोपेनचे लाल नळकांडे घेतात. आणि बंद खोलीत ज्योत पेटवायची तर कार्बन मोनॉक्साइड ओळखून ओरडणारी छोटी डबी भिंतीला हवीच हवी. तिला वजनाच्या हिशेबात धरू नये.

पाणी आणायचे काम माझ्याकडे आणि नातीकडे होते. पिंपाला दांडा लावून ते रुळासारखे ढकलत न्यायचे, ४० लिटर भरायचे आणि गवतावरून गडगडत आणायचे. त्या पिंपाला जर कोणी बक्षीस देणार असेल तर माझे मत त्याला. चाळीस किलो वजन सात वर्षांची पोर हसत हसत ओढते, असा दुसरा जिन्नस मी पाहिला नाही.

आणि तंबू! खोलीच्या दारापुढे जोडायचा, पंपाने हवा भरली की उभा राहणारा तंबू. तिकडे त्याला ऑनिंग म्हणतात. चिरंजीव त्याची खूप तारीफ करीत होते. हिने एकदा आत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "ही तर पडवी!" झाले, त्याला गत मिळाली. चपला पडवीत, छत्र्या पडवीत, ओले कपडे सुतळीवर पडवीत, दाराशी पायपुसणे, आणि दारात शिडी. शेजारच्या कॅरव्हॅनमधले वृद्ध इंग्रज जोडपे आमची व्यवस्था निरखून पाहत होते. त्यांच्याकडे पडवीत पिझ्झाची भट्टी होती. आमच्या कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा ते गृहस्थ आग विझवायचे कांबळे घेऊन धावत आले. हिने त्यांना वरण-भात-तूप खायला घातले. दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा ते बशी घेऊन आले.

असे सगळे छान चालले होते. तिसऱ्या रात्री पाऊस लागला.

वेल्सचा पाऊस आपल्या पावसासारखा गर्जत येत नाही. तो बारीक, गार आणि चिकाटीचा असतो. छपरावर त्याचा ताशा वाजत होता. रात्री अडीचच्या सुमारास हिच्या कण्हण्याने मला जाग आली. पोटरीत गोळा आला होता. मी उठून पाय चोळू लागलो. पोटरी दगडासारखी झाली होती. बऱ्याच वेळाने ती सैल पडली. मी अंधारात चाचपडत तांब्या काढला, फिरकी उघडली आणि पेला भरून पुढे केला. हिने ओठ ओले केल्यासारखे केले आणि पेला परत दिला.

"सगळं पी. तुला डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

२०१९ मध्ये हिला मुतखड्याचा त्रास झाला होता. तेव्हापासून दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचे असा दंडक आहे आणि घरी मी बाटलीवर रेघा मारून तो पाळायला लावतो.

"नको आत्ता," ही म्हणाली.

तेवढ्यात वरच्या बिछान्यातून झोपाळू आवाज आला, "आजोबा, आजी दुपारनंतर पाणी पीतच नाही. मग एवढ्या पावसात रात्री ब्लॉकला जावं लागतं ना. तिनं मला सांगितलंय. पण ते सीक्रेट आहे."

नात पुन्हा झोपली. आम्ही दोघे पावसाचा आवाज ऐकत राहिलो.

"आणि वाटेत चहा घेतला नाहीस तो?" मी हळूच विचारले.

"तो काय पैशांसाठी वाटला तुम्हाला?"

मी गप्प बसलो.

"अहो, त्यात एवढं काय आहे?" ही म्हणाली. "प्रवासात बायका पाणी पीतच नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा गावी निघालो तेव्हा तुमच्या आईंनीच मला शिकवलं. म्हणाल्या, तांब्या भरून घे, सगळ्यांना दे, तू मात्र घोटघोटच घे. गाडी थांबायची ती कुठं थांबायची, आठवतं ना? पुरुष उतरून पलीकडे जायचे. आम्ही कुठं जाणार? मग शाळेत तीस वर्षं तेच. घरून निघताना घोटभर, संध्याकाळी घरी आल्यावर तांब्याभर. सवय झाली."

मला ती गाडी आठवली. दरसाल मे महिन्यात मुंबईहून गावी जायची. आठ-आठ तास. मी खिडकीत बसलेला, मांडीवर चिरंजीव, आणि दर तासाला हिचा हात पुढे येई. हातात या तांब्याचा भरलेला पेला. तो कितीदा पुढे आला असेल त्याची मोजदाद नाही. तो हिच्या स्वतःच्या तोंडाकडे वळलेला मला एकदाही आठवेना. तांब्याचे वजन मला चार दिवसांपूर्वी कळले होते. त्यातले पाणी कोण पीत होते, ते आज कळत होते.

मी न्हाणीचे दार उघडले आणि दिवा लावला. कोपऱ्यातली बैठक लख्ख पुसलेली होती. तिच्या पेटीत निळे औषध घातलेले होते. शेजारी नवे कोरे हिरवे टमरेल होते आणि खाली पाय घसरू नये म्हणून रबरी चटई. चिरंजीवांच्या वहीत यातल्या एकाचेही वजन लिहिलेले नव्हते. सूनबाईंनी हे केव्हा करून ठेवले, कोणास ठाऊक.

"हा पेला संपव," मी म्हटले. "आणि आणखी एक घे. पेटीचं मी बघतो."

"तुम्ही? तुम्ही ते काम करणार?"

ही हसली. हसण्यासारखेच होते. आमच्या घरात न्हाणीची मोरी तुंबली तरी मी बाहेर जाऊन माणूस शोधणारा.

सकाळी सहाला पाऊस थांबला होता. कॅरव्हॅनच्या बाहेरच्या अंगाला एक छोटे दार असते. ते उघडून ती पेटी ओढून काढायची. तिला चाके असतात आणि सूटकेससारखा दांडा. अठराएक लिटरची असेल. मी ती ओढत माळ उतरू लागलो. कोणी पाहिले तर स्टेशनवर निघालो आहे असे वाटावे. पाठीमागून चिरंजीव अनवाणी धावत आले.

"बाबा, अहो तुम्ही कशाला? द्या ती इकडे. मी नियम केला तो मला वाटलं की..."

"तू गाडी चालव," मी म्हटले. "हे माझ्याकडे असू दे."

तो काही वेळ तसाच ओल्या गवतात उभा राहिला. मग म्हणाला, "आधी नळी फिरवून बाहेर काढायची. ओतताना अंगठ्यानं वरचं बटण दाबून धरायचं, नाहीतर उसळतं." आणि माझ्याबरोबर चालत आला.

ओतायची जागा स्वतंत्र असते, पिण्याच्या पाण्याच्या नळापासून चांगली दूर. तिथे चार-पाच पुरुष आपापल्या पेट्या घेऊन रांगेत उभे होते आणि हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या. गिरगावची सकाळची रांग मला इतक्या वर्षांनी वेल्समध्ये भेटली. फरक इतकाच, की इथे प्रत्येकाच्या हातात स्वतःचे टमरेल नसून घरच्यांची पेटी होती. आमचे वरणभातवाले शेजारी पुढेच होते. त्यांनी मला पाहून टोपी किंचित उचलली आणि बाजूला सरकून जागा दिली. पहिल्या दिवशी मी बटण दाबायला विसरलो. तो प्रसंग दिवाळी अंकात सांगण्यासारखा नाही. पेटी दोनदा विसळायची, थोडे पाणी आणि मापाने निळे औषध घालायचे, झाकण लावायचे, हात साबणाने धुवायचे. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम. आई असती तर तिने मला पडवीतूनच आंघोळीला पाठवले असते. मी आंघोळ केली, पण चहा पिऊन.

उरलेले चार दिवस पाऊस येऊन-जाऊन होता. आम्ही टेन्बीचा किनारा पाहिला, होडीने काल्डी बेटावर जाऊन तिथल्या मठात केलेले चॉकलेट खाल्ले. हीटर आणि किटली मी पुन्हा एकदा एकदम लावली. संध्याकाळी सूनबाईंचा फोन येई. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आई, पाणी पिताय ना?" आणि ही नातीकडे पाहून डोळे मोठे करी.

कॅरव्हॅनमध्ये काय न्यावे असे आता डोंबिवलीत मित्र मला विचारतात. त्यांच्याही मुलांनी कोठे कोठे अशा खोल्या घेतल्या आहेत. मी त्यांना पिंप सांगतो, पडवी सांगतो, शिडी दांड्याचीच घ्या म्हणतो, वायू ओळखणारी डबी आणि पायपुसणे सांगतो. घडीच्या वस्तू निम्म्या घरी ठेवा म्हणतो. त्यांची घडी दुकानदारालाच जमते. मग आवाज उतरवून निळ्या बाटलीचे सांगतो. मित्र "हो हो" करतात आणि विषय बदलतात. त्यांच्या बायका मात्र बाटलीचे नाव लिहून घेतात.

परतीच्या वाटेवर पूल ओलांडल्यावर चिरंजीवांनी थांबा घेतला. मी दोन चहा आणले. हिने तो भला मोठा पेला दोन्ही हातांत धरला, किंमत विचारली नाही, आणि तळापर्यंत प्यायली. मग तांब्याची फिरकी उघडून वर पेलाभर पाणी प्यायली.

"पुढं आता कुठं थांबणार आहेस रे?" गाडीत बसता बसता हिने विचारले.

"आई, आत्ताच तर थांबलो. आता तासाभरात घर येईल."

"ते असू दे. मधे एक थांबा बघून ठेव," ही म्हणाली, आणि रिकामा तांब्या भरून आणायला माझ्या हातात दिला.